बाबांच्या कपाचा कान

ती. आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. कुंभाराच्या चाकापाशी बसून बसून कंबर तशीही सरळ होत नाही, त्यामुळे नमस्कार आयताच झाला.

मी बरी आहे, काळजी करू नकोस. मासिकाला माझी चित्रं आता आठवड्यातून दोनच दिवस लागतात. उरलेले दिवस मी मातीची भांडी करते. चित्रं सोडलेली नाहीत, हे बाबांना आवर्जून सांग. तुझे गुडघे कसे आहेत? खरं लिही, माझ्यासारखं नको.

बाबांच्या हातून हल्ली कप सुटतो आणि स्टीलचा पेला दिला की ते रुसतात, असं तू लिहिलंस. म्हणून मी त्यांच्यासाठी कप करायला घेतला. चार बोटं आरामात जातील एवढा मोठा कान लावला. तीन आठवडे खपले. भट्टीतून काढला, तर कानात माझीच चार बोटं जाईनात! माती भाजली की आक्रसते, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दमले की काही डोक्यात राहत नाही बघ. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "बाहुलीचं लग्न आहे का गं?" सगळे हसले. मीही हसले आणि मग नळाशी जाऊन तोंड धुतलं.

आता पुन्हा करणार आहे, पण अंदाजाने नाही. बाबांचा हात कागदावर ठेव, कडेने पेन्सिल फिरव आणि तो कागद पाठव. ते म्हणतील, हात स्थिर राहत नाही. नाही राहिला तरी चालेल. रेघ जिथवर थरथरेल, तिथवर मी कान मोठा करीन.

तुमची,
धाकटी