गालाच्या आतला चट्टा

बडोदे, १९ सप्टेंबर २०२४

ती. कौशल्याआत्यास,
नीरजाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने रचतेस, म्हणून हे पत्र.

गणपतीत तू दांडिया बाजारला आलीस तेव्हा आमच्या डेंटल कॉलेजच्या अभ्यासासाठी तुझ्या गालाच्या आतल्या पेशी ब्रशने घेतल्या होत्या. माझ्या तोंडात काय सापडणार, म्हणून हसली होतीस. आत्या, सापडलंय. बऱ्याच पेशींत केंद्रकाशेजारी तुटक्या गुणसूत्रांचे बारीक ठिपके दिसतात. म्हणजे कॅन्सर झालाय असं मुळीच नाही. पण पेशींना सारखा मार बसतोय. त्यात डाव्या गालात तेव्हाच दिसलेला तो पांढरा चट्टा. तुकडा काढून तपासायलाच हवा, असं आमच्या विभागाच्या मॅडम म्हणाल्या.

तपकीर किती वेळा घासतेस? खरं सांग. लोभ आहे, तो रागावूनही कमी करू नकोस.

तुझी,
नीरजा

---

पादरा, २५ सप्टेंबर

चि. नीरजास अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. छिंकणी, म्हणजे तुझी ती तपकीर, दाढदुखीवर सुरू केली. दाढ केव्हाच काढली, छिंकणी राहिली. सकाळी, जेवणावर, आणि घर खायला उठतं तेव्हा. मोजत नाही.

तुझ्या आतोबांचाही डॉक्टरांनी तुकडाच काढला होता. त्यानंतर ते खाटेवरून उठले नाहीत. मला तुकडा काढायचा नाही. समरजितला कळवू नकोस, पोरगा सुरतेहून धावत येईल.

तुझी मात्र काळजी वाटते. जेवतेस ना वेळेवर?

तुझी आत्या

---

बडोदे, ३० सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

आतोबा तुकड्यामुळे गेले नाहीत गं. आपण त्यांना नेलं तेव्हा आजार गळ्यापर्यंत पोचला होता. शेवटी त्यांना वरणाचं पाणीही गिळवत नव्हतं, ते मी पाहिलंय. तुझ्या बाबतीत अजून वेळ आहे, म्हणून तर मागे लागलेय.

समरदादाला तूच सांग. शुक्रवारी मी पादऱ्याला येते. तू नकोच म्हणालीस तर जेवून परत जाईन.

तुझीच,
नीरजा

---

पादरा, २३ ऑक्टोबर

चि. नीरजास अनेक आशीर्वाद.

जेवून परत जाणार होतीस, आणि मलाच रिक्षात घातलंस! तुकडा काढला तिथला टाका आता दुखत नाही. कॅन्सर नाही, पण पेशी बिघडायला लागल्यात, दर तीन महिन्यांनी दाखवा, हे मॅडमचं बोलणं समरजितला फोन करून सांगितलं. तो रडला. मी नाही रडले.

छिंकणी सोडणं मात्र सोपं नाही. शेजारच्या हंसाबेनना उगाच टाकून बोलले. तरी त्या चघळायला वाटीभर बडीशेप ठेवून गेल्या. परवा राहवलं नाही, एकदा घासली. तुझ्याशी खोटं नको, म्हणून लिहिते. काल नाही, आज नाही.

सकाळी हंसाबेन आल्या, दार लोटलं आणि खिडकीच्या उजेडात आ करून उभ्या राहिल्या. त्याही घासतात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. बेन, माझ्याही गालात काही दिसतंय का, म्हणून विचारत होत्या. चष्मा लावूनही मला काही कळेना. हात मात्र त्यांचा गार पडला होता, तो धरून ठेवला.

सोमवारी त्यांना घेऊन येते. घाबरल्यात, हळू बोल त्यांच्याशी.

माया आहेच, अशीच असू दे.

तुझी आत्या