भाऊजींचा घानातला पार्टनर

मंगळवार, अल मनखूल, दुबई

अजून डोकं शांत होत नाही. भाऊजींना घानामध्ये टाइल्सची कंपनी काढायची आहे. घाना त्यांनी फक्त नकाशात पाहिलाय. कुणीतरी सांगितलं, स्थानिक पार्टनर असला तर भांडवल कमी लागतं. झालं. भाऊजींना आमच्या बिल्डिंगचा वॉचमन क्वामे आठवला, तो घानाचाच. दुबईत त्यांचं दुकान इतकी वर्षं कागदोपत्री भागीदार असलेल्या एका अरबाच्या सहीवर चाललं. तो कधी काही विचारायला आला नाही, मग क्वामे कशाला विचारेल?

संध्याकाळी भाऊजी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन खाली गेले. कंपनीचे कागद धरायला मला नेलं. क्वामेला म्हणाले, "हबीबी, ओन्ली साइन."

क्वामेने कागद नीट वाचले. मग इंग्रजीत शांतपणे म्हणाला, "सर, डायरेक्टर मी, तर टॅक्स रिटर्न कोण भरणार? नाही भरलं तर टॅक्सवाले माझ्या घरी येतील, तुमच्या नाही. मी तिकडे अकाउंटंटकडे हीच कामं करायचो." आणि डबा परत दिला.

लिफ्टमध्ये भाऊजी म्हणतात, "वहिनी, वॉचमनला माज बघा किती." स्वतः पंचेचाळिशीचा घोडा. टॅक्स म्हणजे दुसऱ्याने भरायची गोष्ट, एवढीच याची अक्कल.

पण मला तो डबाच सारखा दिसतोय. फॉर्म मीच टाइप केला होता. क्वामेचं पूर्ण नाव त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावरून उतरवलं. चार वर्षं रोज माझ्यासाठी दार धरतो तो, आणि त्याला एका शब्दाने विचारलं नाही.

लाडूही मीच वळले होते.