उजेडाला देणं

बाळा प्रेम,

तुझ्या बायकोशी, मार्ताशी बोलता यावं म्हणून मी इथं रेणापुरात मोबाइलवर स्पॅनिश शिकत हाय. थट्टा करण्याला तिकडं 'केस घेणं' म्हणतात, त्याला लई हसले होते.

काल माद्रिदहून तिचा फोन आला. तू न सांगता घर सोडलंस म्हणून रडत होती. मग म्हणाली, "दार आ लूस." शब्दशः उजेडाला देणं, म्हणजे बाळंत होणं. मला लगेच कळलं, तिला दिवस गेलेत.

तुला हे ठाऊक हाय का? म्हणूनच गेलास का? जीव थाऱ्यावर न्हाई.

मी अडखळत तिला म्हणाले, "रडू नको, मी येते."

उद्या पासपोर्टसाठी लातूरला चालले. तू तिथं नसलास तरी जाणार हाय. पण हे पत्र कुठं धाडू?

तुझी माय,
चांगुणा