सातव्या फाईलमधली अकरा मिनिटं

नारी रोड, नागपूर

प्रिय भावना,

सप्रेम जयभीम. पाकिटावरचं अक्षर पाहून दचकली असशील. घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. बुधवारी तू फोनवर मला सहा आकडे सांगितलेस आणि मी धड ‘थँक्यू’सुद्धा न म्हणता फोन ठेवला. कोडची मुदत दहा मिनिटांची होती म्हणून ठेवला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पुन्हा फोन करता आला असता, पण फोनवर माझा आवाज आपोआप चौथीचा वर्ग घेतल्यासारखा होतो हे तुला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र, तुझ्या मौद्याच्या शाळेच्या पत्त्यावर. घरचा पत्ता मागायचा मला धीर झाला नाही.

आधी कुलपाची गोष्ट सांगते, कारण तू विचारलं नाहीस तरी तुझ्या मनात आलंच असेल की म्हातारीनं केलं तरी काय. जुलैत माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी महिनाभर सावनेरला बहिणीकडे, पंचफुलाकडे राहिले. टॅब इथे कपाटातच राहिला. परत येऊन चार्जिंगला लावला, सुरू केला, रोजच्यासारखा अंगठा ठेवला, तर म्हणतो नंबर टाका. पूर्ण बंद पडून पुन्हा सुरू झाला की अंगठा चालत नाही म्हणे. चार वर्षं मी अंगठाच लावत आले होते. सही करायला शिकलेल्या बाईला शेवटी अंगठ्यावर आणलं या यंत्रानं, आणि नंबर पार विसरायला लावला.

मग आपली शोभाताई आली समोरच्या घरातून. तिला कुठल्याही बिघाडाचा वास लागतो. “त्यात काय विचार करता वं बाई, टाका की चौदा, दहा, छप्पन!” म्हणून तिनंच टाकला. चुकला. मग मी बाबासाहेबांची जन्मतारीख टाकली, मग महापरिनिर्वाणाची. तिन्ही चुकल्या. तू टॅब आणलास त्या दिवशी मी दीक्षेचीच तारीख टाकत होते आणि तू पोट धरून हसली होतीस. “आई, अख्ख्या गल्लीचा हाच नंबर आहे, चोरालाही पाठ असेल!” खरंच गं, आपल्या गल्लीत कोणाचाही फोन कोणीही उघडावा. तेव्हा तुझं ऐकून मी काहीतरी वेगळा नंबर टाकला, आणि तो कुठला ते मला आजतागायत आठवलेलं नाही. माझ्या सौरवचा वाढदिवस, माझी शाळेतून निवृत्तीची तारीख, बाबांची कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरी लागली ती तारीख, सगळं टाकून पाहिलं. दर चुकीला टॅब जास्त वेळ रुसायचा. आधी अर्धं मिनिट, मग पाच, मग तासभर. शेवटी त्यानं लिहून दाखवलं की आणखी पाच वेळा चुकलात तर आतलं सगळं पुसलं जाईल. मी टॅब टेबलावर उपडा ठेवला आणि त्याला हात लावायची शोभाताईला बंदी केली.

आत काय होतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? बाबांचा आवाज फक्त तिथेच आहे. तुमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ते कुठे बोललेच नाहीत, नुसते पाहुण्यांना नमस्कार करत फिरले. घशाचं ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आम्ही मायलेक रडत बसलो आणि तू दुसऱ्या दिवसापासून टॅब घेऊन त्यांच्यापुढे बसलीस. बारा संध्याकाळी, बारा फाईली. ‘बाबा १’, ‘बाबा २’ अशी नावं तूच दिलीस. त्यानंतर दीड वर्ष ते पाटीवर लिहून बोलले आणि मग गेले. पुढच्या रविवारी त्यांचा दुसरा स्मृतिदिन. विहारात पुण्यानुमोदन आहे आणि तिथे त्यांचा आवाज ऐकवायचा मी सगळ्यांना शब्द देऊन बसले होते. कॉपी काढून ठेवू या असं तू मला किती वेळा म्हणालीस! मी दर वेळी म्हणायचे, काय घाई आहे, टॅब कुठे पळून चाललाय.

सीताबर्डीत पहिल्या दुकानदारानं टॅब बघितलाही नाही. म्हणाला, रीसेट मारावं लागेल, डेटा जाईल. दुसराही तेच म्हणाला. मी भर दुकानात त्याला म्हटलं की तुझ्या बापाचा आवाज असता तर असाच मारला असतास का रीसेट. तिथून निघाले, गुडघा ठणकत होता, आणि पुढच्या गल्लीत अश्विन म्हणून एक चाळिशीचा माणूस भेटला. पाटीवर नुसतं ‘दुरुस्ती’ लिहिलेलं. त्यानं आधी मला स्टूल दिलं. मग टॅबची बाजू बघून म्हणाला, “मॅडम, याच्यात सिम आहे, हे आपलं नशीब. कंपनीच्या खात्यातून दुरून कुलूप उघडता येते. खातं कोणी बनवलं होतं?” सिमला रिचार्ज मारला, खात्यात शिरला, तर तिथे विचारणा आली की नोंदवलेल्या मोबाईलवर कोड पाठवला आहे, तो टाका. नंबराच्या जागी सगळ्या फुल्या आणि शेवटी फक्त सत्तेचाळीस. माझा नव्हे, सौरवचा नव्हे, बाबांचा तर नव्हेच. मी फोनमधली नावं वरून खाली बघत गेले. ‘भावना सून’ पाशी सत्तेचाळीस होते. नावापुढचं ‘सून’ मी अजून काढलेलं नव्हतं.

दहा मिनिटं मी त्या स्टुलावर फोन हातात धरून बसले. पहिला कोड तसाच फुकट गेला. अश्विनला वाटलं मला रेंज नाही. वर्षभरात तुला एकही फोन न करणाऱ्या बाईनं काय तोंडानं फोन करायचा? आणि तू पहिल्याच रिंगला उचललास. मी काय ते सांगितलं. नवा कोड आल्यावर आकडे दोनदा वाचून दाखवलेस, सावकाश, मला लिहून घेता यावेत असे. मग म्हणालीस, “आई, गुडघा कसा आहे?” तुला कोणी सांगितलं माझ्या गुडघ्याचं? मी ‘बरा आहे’ म्हटलं आणि ठेवला. मागून अश्विन ओरडला, “उघडलं मॅडम!” मला एवढं रडू आलं की त्या बिचाऱ्यानं दुकानातला पंखा वाढवला.

आता मुद्द्याचं लिहिते. इथपर्यंत मी सांभाळून सांभाळून आले आहे. अश्विननं बारा फाईली दोन पेनड्राइव्हवर उतरवल्या. म्हणाला, कॉपी झाली म्हणून भागत नाही, प्रत्येक फाईल उघडून मधून मधून ऐकावी लागते, नाहीतर घरी जाऊन बघाल तर रिकामी निघायची. तुला खरं सांगते, मी आजवर फक्त ‘बाबा १’ ऐकत आले होते. तीही पुरी व्हायच्या आत मी बंद करायचे. सातवी फाईल त्यानं मधूनच लावली. बाबा कोराडीच्या क्वार्टरबद्दल सांगत होते, दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची ते. तू विचारलंस, “मग आई काय करायच्या?” बाबा म्हणाले, “काय करते! धुतलेले कपडे पुन्हा धुवायची, अन् मले शिव्या द्यायची. जसी राख मीच उडवून राहिलो!” तुम्ही दोघं हसलात. मीही दुकानात हसले. आणि तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, “भावना! काहून रोज रोज तो डबा घेऊन बसून राहते वं? कणीक काय तुझा सासरा मळणार हाय?” तू म्हणालीस, आले आई, दोन मिनिटं. ती बाई पुन्हा ओरडली. बाबा हळूच म्हणाले, “जाय बेटा. तिले राग येते. मी थांबतो.”

तू गेलीस आणि बंद करायचं विसरलीस. पुढे अकरा मिनिटं बाबा थांबलेले आहेत. अश्विन पुढे सरकवत होता, मी त्याला सरकवू दिलं नाही. भर दुपारी त्या दुकानात आम्ही अकरा मिनिटं ऐकत बसलो. त्यांचा श्वास ऐकू येतो. खोकतात. मध्ये थोडं गुणगुणतात. एकदा म्हणतात, “आली का?” मग बऱ्याच वेळानं पुन्हा, “आली का बेटा?” आवाज जायला सहा दिवस राहिले होते त्यांचा, आणि त्यातली अकरा मिनिटं मी कणकेपायी घालवली. अश्विन भला माणूस. म्हणाला, “मॅडम, मागं कोणीतरी भांडून राहिलं. तेवढं कापून देऊ का? कळणारही नाही.” मी म्हटलं, राहू दे. ती मी आहे हे त्याला सांगायची हिंमत झाली नाही.

उठता उठता त्यानं विचारलं, खात्यातला नंबर बदलून घरातल्या कोणाचा टाकू? मी म्हटलं, आहे तोच असू दे. तुला न विचारता हे ठरवलं, त्याचा राग आला तर कळव, मी काढून टाकीन. एक पेनड्राइव्ह या पाकिटात आहे. त्यातला अर्धा आवाज तुझाच आहे, तो तुझ्याकडे असायलाच हवा होता.

आणि हे पत्र मी का लिहिते आहे ते आता लिहिते. गेल्या वर्षी विहारात तुमच्या फारकतीसाठी दोन्ही घरच्या मोठ्यांची बैठक बसली, तेव्हा सौरवचं पुण्यात दुसऱ्या बाईशी काय चाललं होतं ते मला माहीत होतं. चार महिन्यांपासून माहीत होतं. तरी मला विचारलं, सुनेबद्दल काय तक्रार आहे, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले की हिचं घरात लक्षच नव्हतं, सासरा आजारी आणि ही सारखी टॅब घेऊन बसायची. तू माझ्याकडे बघितलंस. एका शब्दानं सांगितलं असतंस की त्या टॅबमध्ये तू काय करत होतीस, तर माझं तोंड तिथेच बंद झालं असतं. तू बोलली नाहीस. दोष तुझ्यावर आला आणि माझा मुलगा मान वर करून घरी आला. भावना, मी खोटं बोलले. रविवारी सकाळी दहाला त्याच विहारात, बैठकीतल्या त्याच सगळ्या माणसांसमोर मी सातवी फाईल लावणार आहे, काहीही न कापता, अकराच्या अकरा मिनिटं. ती संपली की उभी राहून सांगणार आहे की ही ओरडणारी बाई मी आहे, बैठकीत खोटं बोलणारीही मीच, आणि तुम्ही जो आवाज ऐकलात तो जिनं राखला तिलाच आपण दोष दिला. सौरवला हे मी कालच सांगितलं आहे. तो येणार नाही म्हणतो. तू ये असं म्हणायचा मला हक्क राहिलेला नाही, पण सगळ्यांच्या आधी तुला कळायला हवं होतं. तू आलीस तर पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बस. नाही आलीस तरी मी बोलणार आहे.

तुझीच,
आई

(दुसरं काही लिहून पाहिलं, जमलं नाही.)