लाल कागदाआडचं नाव

दुसरा महिना, बावीस

इशान, वही देऊन तीन महिने झाले आणि पहिलं पान आज लिहितोय, रागावू नकोस. चारच वर्षं शाळेत गेलो, अक्षरं आठवावी लागतात. आपल्या झुओ कुळाच्या पूर्वजघराची राखण खरंच हलकी आहे. सकाळी झाडलोट, मग पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांपुढे उदबत्ती आणि भाताचा वाडगा. पाट्या तीनशेवर आहेत. एखादी हातून पडली तर, याची धास्ती वाटते. गुडघा दुखतोच, पण खोलीत ऊन येतं. समोरच्या छिउ वहिनी रताळ्याची पेज आणतात. पाट्यांपुढचा भातही मलाच देतात. म्हणतात, "चव त्यांनी खाल्ली, आता भात तुम्ही खा, भावजी." मीठ घालून खातो.

चोवीस

कबरी झाडायचा सण जवळ आला, म्हणून पाट्या पुसायला काढल्या. खालच्या ओळीत, गळक्या भिंतीशी, एका नावावर लाल कागद होता. माणूस जिवंत असताना पाटी करून ठेवली की नाव असं झाकतात, गेल्यावर कागद काढतात. हा पार फिका पडलेला, कडा उंदराने कुरतडलेल्या. वाटलं, बिचारा कधीच गेला असेल, कागद काढायचं राहिलं. चहाच्या पाण्याने भिजवून काढला, उदबत्ती लावली, तीनदा वाकलो. चष्मा खोलीत राहिला होता. नाव उद्या वाचीन.

पंचवीस

नाव माझं आहे. झुओ मिंगदे.

कुळातले सर्वांत थोरले बोयान काका, त्यांच्याकडे गेलो. आधी हसले. म्हणाले, तुझ्याच पोराने थंडीत बसवून घेतली, पुन्हा पुन्हा गावी यायला सवड नाही म्हणाला. म्हणजे मला इथे सोडलंस त्याच फेरीत. विचारायचं तरी होतंस. मी नाही म्हटलं नसतं.

कागद काढल्याचं सांगितलं तेव्हा त्यांचं हसू गेलं. "ज्याने बसवली त्यानेच परत झाकायची, मिंगदे. सणाला आम्ही उघडी नावं वाचतो आणि दारू ओततो. एकदा नाव वाचलं, की तो माणूस गेलेल्यांतच जमा."

सण पाच तारखेला आहे, त्याआधी ये. ही पानं आजच टपालवाल्याकडे देतो.

अठ्ठावीस

तुझं उत्तर नाही. मीच नवा लाल कागद लावून पाहिला, भाताच्या खळीने, तीनदा. वाळला की गळून पडतो. पेजेला चव नाही. मीठ घातलं, तर मिठालाही नाही. पण पाट्यांपुढच्या भाताचा वास खोलीपर्यंत आला. उभ्याउभ्याच खाल्ला. इतका गोड भात जन्मात खाल्ला नव्हता.

तिसरा महिना, एक

वहिनींनी वाडगा हातात दिला नाही. पाट्यांपुढे ठेवला — जेवायच्या काड्या भातात उभ्या खोचून, मेलेल्याला ठेवतात तसा. मी शेजारीच होतो. हाक मारली. डोळे पुसत म्हणाल्या, "पोरगा येईल हो सणाला, भावजी."

पाटीकडे बघून म्हणाल्या.

तीन

बोयान काकांची बाही धरली. त्यांनी हात झटकला, माशी बसावी तसा. टपालवाला माझ्या अंगावरून — नाही, तुझं पत्र नव्हतं.

गुडघा दुखत नाही. वीस वर्षांत पहिल्यांदाच. त्याचीच भीती —

पाच

सगळे जमलेत. तू नाहीस. चारदा दाराशी गेलो, उंबरा ओलांडता येत नाही — काका नावं वाचताहेत. आजोबांचं झालं. आता बाबांचं —

यायचं नसेल तर राहू दे. नुसता निरोप धाड, इशान, लवकर — वहिनींना, काकांना, कुणालाही — एवढाच, की माझा बाप अजून