चिकटलं तर परत

शांती नगर, मीरा रोड
९ फेब्रुवारी २०२५

चि. स्नेहलला,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, म्हणून कागदावर लिहितेय. आमचा जीवन याचा फोटो काढून तुला पाठवेल. मुलगा पोसलाय तर एवढं तरी करू दे.

तुझी गोटी कुरियरने मिळाली. आधी चुंबक लावलं. तुला माहितेय, भाईंदरला टोप घ्यायला गेले की पर्समध्ये चुंबक असतं. चिकटलं तर परत, नाही चिकटलं तर स्टील चांगलं. तुझी गोटी टपकन चिकटली. हैदराबादला इतकी वर्षं पीएचडी करून हाच माल बनवलास? कोणीतरी फसवतंय तुला. सरांना विचार.

लोभ आहेच, लाड मागू नकोस.
तुझी वैजयंता आत्या

हैदराबाद
१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचून लॅबमध्ये एकटीच हसले. अगं, ती चिकटायलाच हवी. कोबाल्ट, मँगनीज आणि सिलिकॉन एकत्र वितळवून केलीय. याला अर्धधातू म्हणतात. इलेक्ट्रॉन दोन तऱ्हेचे, काही उजवी गिरकी घेणारे, काही डावी, असं समज. साध्या तारेतून दोघंही जातात. इथे एकालाच रस्ता, दुसऱ्याला फाटक बंद. सोसायटीचा वॉचमन समज. रहिवासी आत, फेरीवाला बाहेर.

हे जमलंय का, ते चुंबकत्वाच्या आकड्यावरून कळतं. तो पूर्ण पाच हवा. माझा कमी येतोय, कारण आतले अणू चुकीच्या जागी बसलेत. गेल्या महिन्यात एक गोटी भट्टीत खूप दिवस ठेवून काढलीय, ती मोजायचीय. तिचाही आकडा कमी आला तर सर महिनाअखेर विषय बदलायला लावणार. म्हणजे सगळं पहिल्यापासून.

तुला पाठवलेली गोटी बिघडलेली होती. आठवण म्हणून ठेव.

माया अशीच ओरडत राहू दे.
तुझी स्नेहल

शांती नगर
१५ फेब्रुवारी

चि. स्नेहलला, जयभीम.

वॉचमन कळला. पण आपला वॉचमन जागेवर असतो कधी? तो टपरीवर चहा पीत बसतो आणि चादरवाला, मधवाला थेट तिसऱ्या मजल्यावर. तुझ्या गोटीतही तेच झालंय. अणूंना जागेवर बसव, झालं. टेन्शन कशाला घेतेस?

आठवण-बिठवण मला जमत नाही. एक तर बिघडलेली, वर चिकटते. आज जुने टोप पेणकरपाड्याच्या शिवा भंगारवाल्याला दिले, त्यातच टाकली. घरात पसारा नको.

रागावायचं तर जेवून रागाव.
आत्या

हैदराबाद
१६ फेब्रुवारी

ती. आत्यास, जयभीम.

घात झाला. आज मशीनवर लावलेल्या गोटीचा आकडा अगदी जुन्या गोटीचाच आला. सर म्हणाले, ही तर तीच दिसतेय. दोन्ही डब्या सारख्या, माझ्याकडून अदलाबदल झाली. भट्टीतली चांगली गोटी मी तुला पाठवली. दुसरी करायला भट्टीचा नंबर पुढच्या महिन्याशिवाय लागणार नाही. फोन करतेय, तू उचलत नाहीस. लगेच शिवाकडे जा. प्लीज.

स्नेहल

शांती नगर
१७ फेब्रुवारी

चि. स्नेहलला, जयभीम.

फोन चार्जिंगला होता. जीवनने तुझं पत्र वाचलं ते मी चपला घालतच ऐकलं. रिक्षाने पेणकरपाड्याला पोचलो तर शिवाचा टेम्पो भरून निघालेला. मी समोर उभी राहिले. शिवा म्हणाला, मौसी, इतनी सी गोटी के लिए? मी सांगितलं, मेरी भाची के सब साल उसमें हैं, टेम्पो नहीं हिलेगा.

मग विचारलं, तू माल वेगळा कसा करतोस. तोही चुंबकच फिरवतो. चिकटलं ते लोखंडात, बाकीचं स्टीलमध्ये. म्हणजे तुझी गोटी लोखंडातच असणार. जीवनने पोती ओतली. खिळे, बिजागऱ्या, सगळं गंजलेलं, आणि मध्येच ही चकचकीत. चिकटते ते बरंच झालं म्हणायचं.

मी घासून पाठवणार होते, जीवनने हात धरला. तोच घेऊन निघालाय, कुरियरवर माझा भरवसा नाही. त्याला जेवायला घाल.

डब्यांवर नावं टाकायला शीक.
आत्या

शांती नगर
२७ फेब्रुवारी

चि. स्नेहलला, जयभीम.

काल फोनवर तू रडलीस आणि मी ओरडले, पण कालची गोष्ट वेगळी होती. पूर्ण पाच. शिवाला कळवलं, त्याने टेम्पोवाल्याला कळवलं. सोसायटीत मी सांगितलं की भाचीने वॉचमन जागेवर बसवला. सेक्रेटरी विचारत होते, इकडचा बसवायला कधी येणार.

आज भाईंदरला गेले. दुकानदार चुंबक लावून दाखवत होता, बघा ताई, चिकटत नाही. मी म्हटलं, नाही चिकटलं यात एवढं काय मोठं?

तुमचं मोजून झालं की त्या गोटीचा एखादा तुकडा पाठव. पर्समधलं चुंबक मी फ्रिजच्या दारावर लावलंय. त्याच्यावर बसेल.

पसारा होणार नाही एवढाच पाठव, आणि स्वतः घेऊन ये.
तुझी वैजयंता आत्या