चार काळ्या तारा आणि दुसरा साक्षीदार

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, बत्तीस वर्षे लिफ्टच्या देखभालीचे काम करून निवृत्त, हा कागद स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, चष्मा लावून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला लिहिताना डॉक्टर हसत होते, पण त्याची नोंद दाखल्यात नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नीचा आहे, पण तो चव्वेचाळीस वर्षांचा जुना असल्यामुळे दबाव म्हणून धरू नये.

मला काही झालेले नाही. गेल्या महिन्यात जिन्यात पाय घसरला, एवढेच. उभे आयुष्य लिफ्टमध्ये काढलेला माणूस जिन्यावरून पडला, याची चर्चा इमारतीत पुरेशी झाली आहे, ती आता थांबवावी. मात्र पलंगावर पडल्या पडल्या विचार केला की, आपल्यामागे गोंधळ नको. घर, पैसे, हत्यारे यांचे ठरवायला अर्धा तास पुरला. अडचण एकच आहे, ती म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो सात वर्षे माझ्याशी बोललेला नाही आणि चूक माझी आहे. हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले, म्हणून आधी सोपी कलमे उरकतो.

कलम १. राहते घर आणि बँकेत जे काही आहे ते सर्व पत्नीचे. यात दुमत नाही. आमच्या घरात दुमताची पद्धतच नाही.

कलम २. घराची मागची खोली आणि तिच्यातल्या वस्तू. येथे थोडा खुलासा करतो, कारण वाचणाऱ्याला वाटेल की म्हाताऱ्याने एवढ्या तारा कशाला जमवल्या. हेडफोनबरोबर कंपनी जी केबल देते ती हलकी असते. ती पिनेपाशी वाकून वाकून तुटते, मग लोक नवा हेडफोन घेतात. माझी तुटली तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि पत्नीने मला दिवसातून तीनदा "अहो, काहीतरी करा" असे सांगायला सुरुवात केली होती. मी केबल केली. चांगली तांब्याची तार आणली, तिच्यावर कापडी नळी चढवली, चार पदरांची वेणी घातली, टोकांना पिना सोल्डर केल्या. अकरा दिवस लागले आणि ती एकाच कानात वाजली. तरी तो आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

त्यानंतर अकरा वर्षांत मी त्रेसष्ट केबली केल्या. हेडफोन दोन, कानही दोनच. हे गणित पत्नीने मला अनेकदा करून दाखवले आहे. ती त्यांना नाड्या म्हणते. "तुमच्या नाड्या उचला, पानं घ्यायची आहेत," हे वाक्य मी मेल्यावरही ऐकेन. शुक्रवारच्या आमच्या गाणी ऐकण्याच्या मंडळातील प्रत्येकाने एकेक केबल निवडून न्यावी. उरलेल्यांचे काय करायचे ते पत्नीने ठरवावे. मात्र चार पदरी वेणीवर ओले कपडे वाळत घालू नयेत, एवढी विनंती.

कलम ३. मोठी सेफ्टी पिन. कापडी नळीत तार ओवण्यासाठी हिच्यासारखे दुसरे हत्यार जगात नाही. ती पत्नीच्या शिवणाच्या डब्यातून मी नऊ वर्षांपूर्वी उचलली आणि "मी बघितलीसुद्धा नाही" असे सांगितले. ती माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. परत करीत आहे.

कलम ४. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि दोन चिमट्यांचा स्टँड कन्येला. ती म्हणेल, "बाबा, मी काय करू याचं?" तिच्या घरातल्या चार्जरच्या वायरी कशा लोंबतात ते मी पाहिले आहे, म्हणून देत आहे. साठीनंतरच्या एका वाढदिवसाला तिने मला बिनतारी इअरफोन दिले होते. केबली करणाऱ्या बापाला बिनतारी भेट देणे म्हणजे आचाऱ्याला बाहेरून डबा आणून देण्यासारखे आहे, असे मी तेव्हा सर्वांदेखत बोललो आणि तिचा चेहरा पडला. आता सांगतो: ते मी रोज फिरायला जाताना घालतो. फार सोयीचे आहेत. मंडळाला हे कळू देऊ नये.

कलम ५. माझ्याकडील उरलेली चांदीची तार, अंदाजे तीन मीटर, मंडळातले माझे मित्र दंतवैद्य यांना. चांदीच्या तारेने आवाजाला तकाकी येते, यावर त्यांचा विश्वास आहे. मी डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांची परीक्षा घेतली तेव्हा त्यांनी पाचपैकी चार वेळा तांब्यालाच चांदी म्हटले, पण श्रद्धेपुढे परीक्षा काय करणार. त्यांनी माझी वायर सोलायची पक्कड दवाखान्यात नेली होती, ती परत आली तेव्हा तिला लवंगेच्या तेलाचा वास होता. तो अजून येतो. ती पक्कडही त्यांनीच ठेवावी.

याशिवाय दंतवैद्यांना एक गोष्ट कळवायची आहे, पण ती पुढच्या कलमाशिवाय समजणार नाही.

कलम ६. माझा धाकटा भाऊ नळजोडणी करतो. भिंतीच्या आत पाणी गळत असेल तर तो भिंतीला एक लोखंडी सळई टेकवतो, दुसरे टोक कानाशी धरतो, डोळे मिटतो आणि बोट ठेवून सांगतो, "इथे." मग एकच फरशी फोडतो. बाकीचे नळवाले सहा फोडतात. असा कान आमच्या घराण्यात दुसऱ्या कोणाला नाही, मला तर नाहीच.

तो बारा वर्षांचा असताना त्याने स्वयंपाकघराच्या दारामागे टेपरेकॉर्डर लपवून आईचे गाणे उतरवून घेतले होते. आई भाजी निवडताना गायची. कोणी ऐकते आहे असे कळले की थांबायची, म्हणून लपवावे लागले. आईची तेवढीच एक आठवण कानांनी ऐकता येते. ती कॅसेट माझ्याकडे असते, कारण मी थोरला. याला दुसरे काही कारण नाही.

सात वर्षांपूर्वी मी माझी सर्वांत सुंदर केबल केली. चारही तारा काळ्या. रंगीत तारा घेतल्या की काम विजेच्या दुकानातले दिसते, असे माझे मत होते. कुठली तार कुठली हे ओळखण्यासाठी मी दोन तारांना पांढरा दोरा बांधला होता. पण मंडळाला पाठवायला फोटो काढायचा होता आणि फोटोत दोरा वाईट दिसत होता. तो मी सोल्डर करायच्या आधीच कापला. म्हटले, बत्तीस वर्षे तारा हाताळल्या, हाताला कळते.

हाताला कळले नाही. प्रत्येक कानाकडे दोन तारा जातात, एक जाणारी आणि एक परतीची. दोन्ही बाजूंना त्या सारख्याच जोडाव्या लागतात. मी डाव्या बाजूला त्या उलट्या जोडल्या. असे झाले तरी आवाज दोन्ही कानांत येतोच. पण एकीकडचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसरीकडचा मागे येतो, आणि जो आवाज बरोबर मधोमध असायला हवा तो जागा सोडून कुठेतरी पातळ होऊन पसरतो. लिफ्टमध्ये अशी उलटी जोडणी झाली तर वरचे बटण दाबणारा माणूस तळघरात जातो आणि तक्रार ताबडतोब येते. हेडफोनमध्ये मात्र कौतुक होते. दंतवैद्यांनी ऐकले आणि म्हणाले, "वा, काय मोकळेपणा आहे! मैदानात बसल्यासारखं वाटतंय." त्यांनी अगदी तशीच केबल मागितली आणि मी समोर ठेवून तंतोतंत तशीच करून दिली. दंतवैद्यांना कळवायचे होते ते हेच. डावी पिन उघडून बघावी.

दंतवैद्यांनी ती पहिल्यांदा ऐकली त्याच दिवशी मी भावाला बोलावले होते. आईचे गाणे कॉम्प्युटरवर घेऊन ते या केबलीवर त्याला ऐकवायचे होते. त्याने डोळे मिटले, थोडा वेळ ऐकले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दादा, आई कुठे आहे?"

"म्हणजे?"

"आवाज येतोय. पण समोर नाही ती. शेजाऱ्यांकडे गातेय असं वाटतंय. तारेत काही उलटं झालंय का बघ."

दंतवैद्य खोलीत होते. त्यांचे मैदान अजून हवेत होते. मी म्हणालो, "तू नळ बघ. गळणं काय आणि गाणं काय, तुला सगळं सारखंच."

भावाने हेडफोन काढला, खुंटीवर नीट अडकवला, "बरं" म्हणाला आणि गेला. चहा तसाच राहिला. ज्याने दारामागे उभे राहून तो आवाज मिळवला, त्याला मी हे बोललो.

दोन वर्षांपूर्वी डाव्या पिनेतून खरखर येऊ लागली म्हणून मी ती उघडली आणि मला दिसले. दुरुस्तीला चार मिनिटे लागली. मग गाणे लावले आणि आई मधोमध, समोर येऊन बसली. भाजीच्या देठाचा कट्कन आवाजसुद्धा आला. मी रडलो. कायद्याचा कागद आहे म्हणून स्पष्ट लिहितो.

पत्नी दारात उभी होती. म्हणाली, "सापडलं ना? आता भावजींना फोन करा."

मी म्हणालो, "करतो."

त्याला दोन वर्षे झाली. फोन तोच आहे, नंबर पाठ आहे. बटणापर्यंत बोट जायचे आणि मनात यायचे, इतक्या वर्षांनी पहिला शब्द कुठला म्हणायचा?

कलम ७. ती काळी केबल, मोठा हेडफोन व आईची कॅसेट माझ्यामागे धाकट्या भावास द्यावी, आणि कलम ६ त्यास वाचून दाखवावे.

वरील कलम ७ मी स्वतः रेघ मारून रद्द केले आहे. त्याचे कारण असे.

हा कागद मी वकीलबाईंना दाखवला. त्यांनी सहावे कलम दोनदा वाचले. "म्हणजे काका, माफी तुम्ही गेल्यावर मागणार?"

"मृत्युपत्र आहे ना."

"मृत्युपत्राने मालमत्ता देता येते. माफी मालमत्तेत धरत नाहीत."

मी विषय बदलून साक्षीदारांचे विचारले. त्या म्हणाल्या, दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला या कागदातून काही मिळते त्याने सही करू नये, नाहीतर त्याचे मिळणारे जाते. एक डॉक्टर होतेच. दुसरे म्हणून मी दंतवैद्यांचे ठरवले होते. त्यांना फोन करून सांगितले की, सही किंवा चांदीची तार, दोन्हीपैकी एकच. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता तार निवडली. पत्नी आणि कन्या तर मोठ्या वाटेकरी. मंडळातल्या प्रत्येकाला केबल.

वकीलबाई म्हणाल्या, "असं कोणी सांगा, ज्याला तुम्ही काहीच देत नाही."

मी सातव्या कलमाकडे बराच वेळ पाहिले आणि त्याच्यावर आडवी रेघ मारली.

कलम ८. हे कलम सहीच्या दिवशी लिहीत आहे. काल भावाला फोन केला. पहिला शब्द सापडला तो असा: "साक्षीदार म्हणून सही हवी आहे."

तो म्हणाला, "किती वाजता?"

आज दहाला, वकीलबाई आणि डॉक्टर आधीच आलेले असताना, भाऊ आला. हत्यारांची पिशवी खांद्याला होती. सवयीने आणली असावी. बसला नाही. माझा बेत असा होता की तो सही करण्यापूर्वी कागद वाचेल, सहाव्या कलमापर्यंत येईल आणि मला तोंडाने काही बोलावे लागणार नाही. मी कागद पुढे केला.

"मी वाचत नाही," तो म्हणाला. "साक्षीदाराने फक्त सही होताना बघायची असते. मी विचारून आलोय."

वकीलबाई म्हणाल्या, "कायद्याने बरोबर आहे." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. त्याने कोणाला विचारले होते ते मला तेव्हा कळले.

मग इलाज उरला नाही.

"डावीकडची उलटी होती," मी म्हणालो.

"हं."

"तू म्हणाला होतास तेव्हा."

"म्हणालो होतो."

"आणि ते नळाचं मी जे बोललो..."

"ते मी विसरलेलो नाही, दादा." तो पिशवीचा पट्टा घट्ट धरून उभा होता. "पण बोल पुढे."

"चुकलं माझं. दंतवैद्यांसमोर बोललो, तेही चुकलं. आणि सापडल्यावर दोन वर्षं गप्प बसलो, ते तर फारच."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. पत्नीने डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी घड्याळ झाकले.

मी केबल, हेडफोन आणि कॅसेट भावाच्या हातात दिली. या जिवंतपणी दिलेल्या वस्तू असून त्यांचा या मृत्युपत्राशी संबंध नाही, असे वकीलबाईंनी मुद्दाम लिहायला सांगितले आहे. त्याने हेडफोन कानांवर चढवला. मी गाणे लावले. पहिली ओळ संपायच्या आत त्याने पिशवी खाली ठेवली आणि तो खुर्चीवर बसला. गाणे संपल्यावर त्याने बोटाने खूण केली, पुन्हा लाव. मी पुन्हा लावले.

सहीची वेळ साडेदहाची ठरली होती. प्रत्यक्ष सही आता पावणेबाराला होत आहे. विलंबाचे कारण असे की, दुसरे साक्षीदार समक्ष हजर असूनही तीन वेळा हाक मारल्यावर त्यांना ऐकू आले नाही, आणि चौथी हाक मारण्याची माझी इच्छा नव्हती.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिले: (सही) कुटुंबाचे डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली. करणारे शुद्धीवर होते, डोळे ओले होते.

साक्षीदार दुसरे: (सही) करणाऱ्याचा धाकटा भाऊ, व्यवसाय नळजोडणी. सही होताना बघितली. जेवून जाणार आहे.